हेडफोनची डावी बाजू

पुंजाराम आहेरांच्या घरात कुणी हळू आवाजात बोललं, की समजायचं, काहीतरी भानगड आहे. देवळाली कॅम्पातलं हे घर मुळात मोठ्या आवाजाचं. पुंजाराम तोफखान्यातून हवालदार म्हणून रिटायर झालेले. उमेदीची वर्षं तोफेच्या शेजारी उभं राहून काढल्यामुळे त्यांचा डावा कान पार गेला होता आणि उजवा अर्ध्यावर आला होता. म्हणून घरातली माणसं त्यांच्या उजव्या हाताला बसत, उजव्या बाजूने चालत, आणि नुसतं मीठ मागायचं असलं तरी आख्ख्या गल्लीला कळेल अशा आवाजात मागत. टीव्ही तर असा लागायचा, की रस्त्याने जाणाऱ्याला बातम्या फुकटात मिळत.

घराचे नियमही तोफखान्याचेच. रेंजवर फायरिंग असलं की खिडक्या उघड्या ठेवायच्या, म्हणजे काचा तडकत नाहीत. आणि बार झाला की आपलं तोंड उघडं ठेवायचं, म्हणजे कानाला दणका कमी बसतो. पुंजारामांचा मुलगा ललित बाराखडीच्या आधी हे शिकला होता. शाळेत असताना लांबून धडाड झालं की बाकीची पोरं खिडकीकडे पळत आणि हा जागेवर आ वासून बसे. मास्तरांनी त्याबद्दल त्याला एकदा कोंबडाही केला होता.

बापाची आणखी एक सवय ललितच्या अंगात मुरली होती. पुंजारामांना एखादी गोष्ट ऐकू आली नाही, तर ते परत विचारायचे नाहीत. फौजी माणूस, कमीपणा कसा घेणार. मान हलवायची आणि म्हणायचं, "हां, चालेल." या दोन शब्दांच्या पायी त्यांनी नको त्या माणसाला बैलजोडी उसनी दिली होती आणि एका वर्षी गणपती मंडळाचे खजिनदारही झाले होते. ललितही तसाच मान हलवायचा. सगळे म्हणत, बापाची लकब उचलली पोराने. लकबच आहे, असं त्यालाही वाटायचं.

ललित आता सव्वीस वर्षांचा. डिप्लोमा करून अंबडच्या एका कारखान्यात लागलेला. लग्न ठरलेलं, साखरपुडा झालेला, मार्गशीर्षातली तारीख धरलेली. मुलगी वणीची, तृप्ती नाव. नाशकात पंचवटीला मावशीकडे राहून एका शाळेत लहान मुलांना शिकवायची. शिक्षिका असूनही इतकं हळू बोलायची, की हिच्या वर्गातली पोरं गप्प कशी बसतात याचं ललितला नवल वाटे. खरं सांगायचं तर त्या हळू बोलण्यावरच तो भाळला होता. जन्मभर ओरडा ऐकलेल्या माणसाला त्या आवाजाने सावलीत आल्यासारखं वाटलं होतं.

त्याला दोन नाद होते, गाणी आणि कॉम्प्युटरवरचा बंदुकांचा गेम. सन दोन हजार सहाचा तो सुमार. कारखान्यातला मित्र अमित आणि तो सुटीच्या दिवशी सायबर कॅफेत जाऊन खेळत. त्या कॅफेत एक गोष्ट शाळकरी पोरांनाही पाठ झाली होती: ललितला मारायचं असेल तर डावीकडून जायचं. उजवीकडून कुणाचं पाऊल वाजलं की ललित वळून त्याला आडवा करी. डावीकडून मात्र कुणी बूट आपटत आलं तरी त्याला पत्ता नसे. कॅफेतले हेडफोन मेलेले आहेत, असं तो म्हणायचा. सगळ्या गावाच्या कानांनी मळलेले ते हेडफोन बघता कुणी त्याला खोटं म्हटलं नाही.

घरी कॉम्प्युटर आला तेव्हा मग ठरलं, की हेडफोन स्वतःचे आणि चांगले घ्यायचे. अमितने अक्कल शिकवली, "गेमसाठी कान पूर्ण झाकणारे घे. पावलं कुठून येतायत ते नेमकं कळतं. नुसत्या गाण्यांना ते स्पंजवाले हलकेही चालतात, पण त्यातून बाहेरचं सगळं ऐकू येतं. तुला काय बाबांच्या बातम्या ऐकायच्यात का?" ललितला बातम्या ऐकायच्या नव्हत्या. ललितने हे तृप्तीला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, दसऱ्याला माझ्याकडून तुम्हाला हेच.

दोघं एमजी रोडवरच्या एका दुकानात गेले. दसऱ्याची गर्दी होती. दुकानदाराने काचेवर कान झाकणारे तीन हेडफोन मांडले, कॉम्प्युटरवर एक गाणं लावलं आणि पहिला हेडफोन ललितच्या डोक्यावर चढवला. ललितने डोळे मिटले. उजव्या कानात ढोलकी सुरू झाली, आणि तेवढीच. डावीकडे सामसूम.

"याची डावी बाजू बंद आहे," तो म्हणाला.

दुकानदाराने स्वतःच्या कानाला लावून पाहिला. "चालू आहे की साहेब." तरी गिऱ्हाईक नाराज नको, म्हणून त्याने दुसरा दिला. दुसऱ्याचीही डावी बाजू बंद. तिसऱ्याचीही बंद. दुकानदाराच्या कपाळाला आता आठी पडली.

"बघू," म्हणत तृप्तीने तो तिसरा आपल्या कानांवर ठेवला आणि हसली. "किती छान आहे हो. उजवीकडे ढोलकी आणि डावीकडे बासरी."

बासरी? या गाण्यात बासरी आहे हे ललितने आजवर ऐकलं नव्हतं. त्याने हेडफोन परत घेतला आणि उगाच, काहीतरी करायचं म्हणून, उलटा घातला. डावी बाजू उजव्या कानावर, उजवी डाव्यावर. आणि उजव्या कानात स्वच्छ बासरी वाजू लागली. ढोलकी गायब. म्हणजे हेडफोनच्या दोन्ही बाजू धडधाकट होत्या. बंद होता तो त्याचा कान.

भर गर्दीत, ट्यूबलाइटच्या लखलखाटात त्याला विहिरीत डोकावल्यासारखं झालं. तृप्ती त्याच्या डावीकडे उभी होती. काउंटरच्या आरशात तिचे ओठ हलताना त्याला दिसले. ती काहीतरी विचारत होती. काय, ते देव जाणे.

"हां, चालेल," तो म्हणाला.

आणि आपल्या तोंडून आपला बाप बोलला हे ऐकून तो जास्तच घाबरला. तृप्तीने आनंदाने तो तिसरा हेडफोन बांधायला सांगितला.

त्या दिवसापासून ललितच्या मागे भीती लागली ती लागलीच. भित्यापाठी ब्रह्मराक्षस. तो मनगटावरचं घड्याळ काढून आधी उजव्या कानाला लावी, मग डाव्या. उजवीकडे टिकटिक, डावीकडे मसणवट. मोबाइल आपण कायम उजव्या कानाला का लावतो, वर्गात भिंतीकडचा डावा बाक धरून का बसायचो, रस्त्यात हॉर्न वाजला की भलतीकडेच का बघतो, एकेक गोष्ट आठवत गेली आणि प्रत्येक गोष्टीने त्याला नव्याने घाम फुटला. कारखान्यात प्रेस मशीनजवळ उभा असताना तर तो सारखा मागे वळून बघू लागला. अमितने विचारलं, "भूत लागलं का रे?" ललित नुसता हसला.

सगळ्यात मोठी भीती उजव्या कानाची होती. डावा गेला, आता हाही जाणार. बाबांचा गेलाच की. मग तृप्तीचा तो आवाज काय कामाचा? ती आईसारखी होणार. मिठासाठी गल्ली गाजवणार, बोलून बोलून घसा बसणार, आणि शेवटी काही सांगायचंच सोडून देणार. हे तिला लग्नाआधी कळलं तर ती नाही म्हणेल. कुणीही म्हणेल. आणि तृप्ती नाही म्हणाली तर आपलं काय होईल, या विचाराच्या जवळपासही ललित फिरकत नसे. तिने दिलेले हेडफोन खोक्यातच राहिले. कसे आहेत, म्हणून तिने फोनवर विचारलं, तेव्हा त्याने त्यातल्या घुमणाऱ्या बासची तारीफ केली.

त्यात एक आठवण कुसळासारखी टोचू लागली. उन्हाळ्यात तो वणीला मुलगी बघायला गेला होता. पोहे झाल्यावर मोठ्यांनी दोघांना बोलायला म्हणून गावाबाहेर बंधाऱ्यावर फिरायला पाठवलं. भिंतीवर वारा असा, की तिची ओढणी सावरेना. ती त्याच्या डावीकडून चालत होती. खाली मान घालून ती बराच वेळ काहीतरी सांगत राहिली. त्याला एक अक्षर कळलं नाही. वाऱ्यामुळे, असं त्याने मनाशी म्हटलं. शेवटी तिने थांबून, त्याच्याकडे तोंड करून विचारलं, "चालेल का तुम्हाला?" तेवढं ऐकू आलं. लग्नानंतर नोकरी करण्याचं विचारत असेल, अशी त्याने समजूत करून घेतली आणि मान हलवली. "हां, चालेल." तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं होतं. नोकरीसाठी कुणी रडतं का, हा प्रश्न तेव्हा पडायला हवा होता. तो आत्ता पडला.

शेवटी तो शरणपूर रोडवर कानाच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवलं, कानाशी सूर देणारा धातूचा चिमटा वाजवला, यंत्राचे सूर ऐकवले. मग विचारलं, "लहानपणी गालगुंड झाले होते?"

झाले होते. शाळेत जायच्या आधी. आईने लेप लावला होता.

"कधी कधी जाताना एक कान घेऊन जातात," डॉक्टर म्हणाले. "तुमचा डावा तेव्हापासूनच गेलेला असणार. तो आता येणार नाही. उजवा उत्तम आहे."

"मग मला इतकी वर्षं कळलं कसं नाही?"

"एक कान चांगला असला की माणसाचं भागतं. घरात कुणाला तरी संशय यायला हवा होता. हाक मारली, लक्ष दिलं नाही, असं काहीतरी." डॉक्टरांनी विचारलं, "घरात सगळे मोठ्याने बोलतात का?"

ललितला हसू आलं आणि त्या हसण्यातच रडू आलं. त्या घरात मुक्याबहिऱ्याशिवाय कुणाचंही भागलं असतं. ज्या पोराने बापाच्या उजव्या हाताला बसायचं, त्याच्या डाव्या कानाशी बापाचा आवाज; आणि तो आवाज डावं-उजवं काही मानत नव्हता. उजवा जपा, आवाज लहान ठेवा, एवढं सांगून डॉक्टरांनी त्याला वाटेला लावलं. उजवा जाणार नाही हे कळूनही भीती मात्र कमी झाली नाही. तिने नुसती जागा बदलली. आता ती वणीच्या बंधाऱ्यावर जाऊन बसली.

घरी येऊन त्याने स्वयंपाकघरात आईला सांगितलं. सगुणाबाई भाकरी थापत होत्या, त्यांचा हात परातीतच राहिला. कधी नव्हे ते त्या हळू बोलल्या, "आता हे कुनाला बोलू नको. लगीन लागेस्तोवर तर नायच नाय. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"पण आई, तिला फसवल्यासारखं नाही का होणार?"

"एक कान तर हाय ना चांगला? मग कसलं फसवनं?" असं म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा पिठासारखा झाला होता. "देवा, या घरात अजून एक," त्या पुटपुटल्या.

दारात पुंजाराम उभे होते. त्यांना शब्द ऐकू आला नव्हता, पण बायकोचे ओठ हळू हलतायत हे दिसलं होतं, आणि या घरात त्याचा अर्थ एकच होता.

"काय झालं?" ते गरजले. "हळू काहून बोलता?"

सगुणाबाईंनी हाताने काही नाही म्हणून दाखवलं. पण ललितला वाटलं, आता बास. त्याने बापाच्या उजव्या बाजूला जाऊन सगळी ताकद लावून सांगितलं, "बाबा, माझा डावा कान गेलाय! लहानपणापासून!"

सगुणाबाई खिडकी लावायला धावल्या, पण तोवर गुपित गल्लीच्या टोकापर्यंत पोचलं असावं. पुंजाराम खाली पाटावर बसले. पोराच्या डाव्या कानाकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांच्या मानाने हळू, म्हणजे चारचौघांसारखं, बोलले.

"डावा कान लग्नाआधीच गेला होता माझा. मीबी हिला सांगितलं नव्हतं."

"नव्हतंच सांगितलं," सगुणाबाई म्हणाल्या. आवाज आपोआप वर गेला. "मला वाटायचं, नवरा मला मोजतच नाय. हाक मारली तर मागं वळून बघत नाय. सासूला इचारलं, तर म्हने तो तसाच हाय. मांडवाचा पाला सुकायच्या आत मी माहेरी निघाले होते. लय रडले तेव्हा."

ललितला हे नवीन होतं. पुंजारामांनाही नवीन असावं, कारण ते बायकोकडे बघतच राहिले.

"भ्या वाटलं होतं," ते म्हणाले. "तू नाय म्हनशील म्हनून."

चुलीवरची भाकरी करपली, तरी सगुणाबाईंनी ती उलथली नाही. आयुष्यभर तोफा डागलेल्या या माणसाला आपलं भय वाटलं होतं, हे त्यांना एवढ्या उशिरा कळत होतं. मग त्या पदरात तोंड पुसता पुसता हळूच म्हणाल्या, "मंग आता या पोराने काय करायचं, ते तुमीच सांगा."

पुंजारामांना ते ऐकू आलं नाही. "हां, चालेल," त्यांनी मान हलवली. ललितला उत्तर मिळालं.

रविवारी सकाळी त्याने तृप्तीला गोल्फ क्लबच्या मैदानावर बोलावलं. हेडफोनचं खोकं पिशवीत घेतलं होतं. कडेच्या झाडांखालून माणसं फेऱ्या मारत होती. ती आली आणि सवयीने त्याच्या डावीकडे चालू लागली. त्याने तिला बाकावर बसवलं आणि स्वतः तिच्या डाव्या हाताला बसला, म्हणजे ती त्याच्या उजव्या कानाशी येईल. कंपनीच्या इंटरव्ह्यूला तो एवढा घाबरला नव्हता. बंदुकांच्या गेममध्ये तर हजारदा मेला होता, पण तिथे पुन्हा जिवंत होता येतं.

"तू दिलेली भेट अर्धी वाया गेली," तो म्हणाला. "याची डावी बाजू माझ्या काही उपयोगाची नाही." आणि मग दुकान, बासरी, गालगुंड, डॉक्टर, सगळं एका दमात सांगून टाकलं. शेवटी म्हणाला, "उजवा कान चांगला आहे. पण तुला नाही म्हणायचं असेल तर आत्ता म्हण. मी कुणालाही दोष देणार नाही."

तृप्तीच्या तोंडावरचा रंग उतरला होता. ललितला वाटलं, संपलं.

"वणीला," ती म्हणाली, "बंधाऱ्यावर. मी तुमच्या कोणत्या बाजूला होते?"

"डाव्या."

तिने दोन्ही हातांनी बाकाची कड घट्ट धरली.

"तृप्ती, तू तेव्हा काय विचारलं होतंस? मला वाटलं होतं, नोकरीचं."

ती समोर बघत राहिली. ललितने तिला असं कधी पाहिलं नव्हतं, तरी तो चेहरा त्याच्या ओळखीचा होता. दुकानातल्या आरशात, हेडफोन उलटा घातल्यावर, त्याने तो स्वतःच्या धडावर पाहिला होता. घाबरलेला माणूस पळायला वाट शोधतो आणि तिच्यासमोर वाट उघडी होती. नोकरीचंच विचारलं होतं, एवढं म्हणाली असती तरी त्याने आनंदाने खरं मानलं असतं.

"नोकरी..." ती म्हणाली, आणि थांबली. मग मान हलवून ती आणखी थोडी त्याच्याकडे सरकली. "नाही. मला फिट येतात. आकडी. नववीत असताना पहिल्यांदा आली. रोज गोळी घ्यावी लागते. गेली तीन वर्षं आली नाही, पण येणारच नाही असं डॉक्टर सांगत नाहीत. घरचे म्हणाले होते, मुलाला सांगू नकोस. मला ते पटलं नाही. म्हणून बंधाऱ्यावर तुम्हाला सगळं सांगितलं आणि विचारलं, चालेल का."

ललितचं तोंड उघडं राहिलं होतं. बार झाल्यावर राहतं तसं.

"तुम्ही लगेच चालेल म्हणालात. चहात साखर कमी चालेल, असं म्हणावं तसं. मला वाटलं, एवढ्या मोठ्या मनाचा माणूस..." तिचा आवाज फुटला. "मी त्या एका शब्दावर हो म्हटलं, आणि तो शब्द तुम्ही ऐकल्याशिवायच दिला होता."

ललितची मान सवयीने हलायला लागली होती.

"मान हलवू नका," तृप्ती म्हणाली. "बोला."

तो घाबरला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. गावाकडे देवळ्याला त्याने एकदा बाजारात एका बाईला आकडी आलेली पाहिली होती. कांद्याच्या ढिगाशेजारी ती पडली होती, भोवती ही गर्दी, आणि लहानगा ललित आईच्या पदराआड लपला होता. ती बाई आणि ही समोर बसलेली, हळू बोलणारी तृप्ती त्याच्या डोक्यात एकत्र येईनात. चालेल म्हणायला त्याची जीभ रेटेना. तो शब्द त्याने इतक्यांदा फुकट वाटला होता, की आता खरी गरज होती तेव्हा तो खोटा वाटायला लागला होता.

"आली तर काय करायचं असतं?" त्याने विचारलं.

तृप्तीने चमकून त्याच्याकडे बघितलं. "कुशीवर वळवायचं. डाव्या. डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं. तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. थांबेपर्यंत जवळ बसायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखान्यात."

"आणि कांदा? बाजारात लोक नाकाला कांदा लावत होते."

"कांद्याने काही होत नाही. चपलेनेही नाही." अशा वेळीही तिला किंचित हसू आलं. "नाकाला लावू नका म्हणजे झालं."

ललित विचार करत होता. मग त्याचा चेहरा पुन्हा उतरला, आणि या वेळची भीती त्याच्या एकट्याची नव्हती. "झोपेत आली तर? मी उजव्या कुशीवर झोपतो. चांगला कान उशीत. तू शेजारी तडफडलीस तरी मला ऐकू येणार नाही." त्याने डाव्या कानाला हात लावला. "डाव्या कुशीवर झोपायची सवय करतो. आजपासूनच करतो, मार्गशीर्षाला अजून अवकाश आहे."

तृप्ती ओंजळीत तोंड धरून रडायला लागली. फेऱ्या मारणारे एक आजोबा थबकले आणि ललितकडे रागाने बघून पुढे गेले. ललितने त्यांना काही समजावलं नाही. पिशवीतलं खोकं बाहेर काढून तो त्याच्याकडे बघत बसला.

"चल," तो जरा वेळाने म्हणाला. "दुकान उघडलं असेल."

दुकानदाराने त्यांना ओळखलं. तीन-तीन हेडफोन उघडायला लावणारं गिऱ्हाईक कोण विसरेल. खोकं परत काउंटरवर आलेलं बघून त्याच्या कपाळाची आठी जागेवर आली.

"आता काय झालं? परत डावी बाजू?"

"नाही, दोन्ही बाजू चांगल्या आहेत," ललित म्हणाला. "हे बदलून ते स्पंजवाले द्या. साधे."

"अहो, ते हलके. गेमला काही कामाचे नाहीत. यात काय वाईट आहे?"

"हे घातले की बाहेरचं ऐकू येत नाही."

दुकानदार त्याच्याकडे बघतच राहिला. "साहेब, तोच तर याचा गुण आहे. त्यासाठीच लोक घेतात."

"घेऊ द्या. आमच्या घरात कुणीतरी हाक मारणारं येणार आहे."

दुकानदाराने खांदे उडवून स्पंजवाले काढून दिले. ललितने ते घातले, गाणं लावायला सांगितलं आणि तृप्तीला म्हणाला, काहीतरी बोल, नेहमीच्या आवाजात. ती काउंटरला वळसा घालून त्याच्या उजवीकडे आली. ढोलकी चालू होती. ढोलकीच्या मागून, लांबून आल्यासारखं, पण सगळं स्पष्ट ऐकू आलं.

"भीती वाटतेय का?" ती विचारत होती.

"वाटतेय," तो म्हणाला. "तुला?"

"मलाही."

त्याने हेडफोन काढून दुकानदाराच्या हातात दिला आणि बांधायला सांगितला.